फोटोखाली ‘हवामान बदल’ लिहिण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण छायाचित्रकाराचा प्रश्न थोडक्यात असा: “चार वर्षं मी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला भागात फोटो काढतोय. धुकं, धबधबे, बेडूक, कारवी. लोकांना आवडतात. पण रस्त्यासाठी झाडं जातायत, नाल्याचं पाणी भातात शिरतंय, पाऊस कधी महिनाभर दडी मारतो तर कधी दोन दिवसांत सगळा कोसळतो. असं असताना सुंदर फोटो काढणं म्हणजे लोकांना फसवणं वाटायला लागलंय. हवामान बदल फोटोत दाखवायचा कसा? आणि दाखवून काही उपयोग होतो का?”

तुमची तळमळ खरी आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पोत्यात भरल्यात. झाडं जाणं ही एक गोष्ट, पाऊस बिघडणं ही दुसरी. झाड जातं तेव्हा त्यामागं कागद असतो. आदेश असतो, निविदा असते, ठेकेदार असतो, तारीख असते. पाऊस बिघडतो त्याचा कागद कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. त्याचा हिशोब तीस-तीस वर्षांच्या नोंदींतून काढावा लागतो. दोन्हींचा मार शेवटी एकाच शेतकऱ्याच्या पाठीवर बसतो, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. पण कॅमेरा हातात असणाऱ्यानं हा फरक सोडला, की त्याचा फोटो पुरावा म्हणून टिकत नाही. समोरचा अधिकारी एक प्रश्न विचारतो आणि आपण गप्प बसतो.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे. २०१७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडचं, हाडं वर आलेलं एक उपाशी ध्रुवीय अस्वल पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर या छायाचित्रकारांच्या गटानं चित्रित केलं. नॅशनल जिऑग्राफिकनं ते ‘हवामान बदल असा दिसतो’ अशा अर्थाच्या ओळीसह प्रसिद्ध केलं आणि ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं. अस्वल म्हातारं असेल, आजारी असेल, जखमी असेल; त्या एका प्राण्याच्या उपासमारीचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी त्या मासिकानं, आपण नातं जोडण्यात फार पुढं गेलो, असं मान्य केलं. आर्क्टिकचा बर्फ वितळतोय हे शंभर टक्के खरं आहे. पण ज्यांना ते खरं मानायचं नव्हतं त्यांना त्या एका ओळीनं आयतं कोलीत दिलं. फोटो उत्तम होता, खालची ओळ नडली.

आता हे आपल्या शिवारात आणू. आपल्याकडं दोन देवळं आहेत, दोन्हींचे फोटो दरवर्षी फिरतात. एक हब्बनहट्टीचा मारुती, मलप्रभेच्या काठाला. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जातं आणि वर्तमानपत्रांत बातमी येते. दुसरं हिडकल जलाशयाच्या पोटात गेलेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते बाहेर येतं. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा ते इतकं उघडं पडलं की लोक दर्शनाला रांगा लावून गेले. दोन्ही फोटोंखाली ‘निसर्गाचा कोप’ लिहिलेलं मी वाचलंय.

पण ही दोन देवळं सारखी साक्ष देत नाहीत. हब्बनहट्टीच्या वर मोठं धरण नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, वरच्या रानातला पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट खाली येतो. त्यामुळं देवळाच्या पायरीला पाणी कोणत्या तारखेला लागलं, कळस कधी बुडाला, किती दिवस बुडालेला राहिला, ही वरच्या पावसाची बऱ्यापैकी प्रामाणिक नोंद ठरते. हुन्नूरच्या विठ्ठलाचं तसं नाही. हिडकलमध्ये पाणी किती राहील हे पावसाइतकंच, कालव्यांना कधी किती सोडलं, यावर ठरतं. विठ्ठल दिसला याचा अर्थ जलाशयाची पातळी उतरली, एवढाच. त्यापुढचं काही सांगायचं असेल तर पातळीचे आकडे शोधून शेजारी ठेवावे लागतील. गोकाकच्या धबधब्याचंही तेच. वर हिडकल आहे, धुपदाळचा बंधारा आहे. धबधबा कोरडा दिसला म्हणून घटप्रभेच्या खोऱ्यात पाऊस झाला नाही असं समजू नका.

आणि हब्बनहट्टीची साक्षसुद्धा कायम शुद्ध राहील याची खात्री नाही. कणकुंबीजवळ म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडं वळवण्यासाठी कालवा खोदला गेला. म्हादई लवादानं २०१८ मध्ये कळसा आणि बंडुरी हे दोन नाले मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला मंजुरी दिली आणि वाद पुढं न्यायालयात गेला. ते पाणी उद्या मलप्रभेत आलंच तर देवळापाशी दिसणारी नदी फक्त पावसाची राहणार नाही, त्यात माणसाचा हात मिसळलेला असेल. म्हणून आजचे, आधीचे फोटो मोलाचे. पाच वर्षांनी ते कोणाला काढता येणार नाहीत.

बेळगाव शहरालगतच्या बळ्ळारी नाल्याचं तुम्ही लिहिलंय, त्यावर थोडं थांबतो, कारण तिथं दोन्ही गोष्टी अक्षरशः एका फ्रेममध्ये आहेत. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं ते बासमतीचं शिवार. दरवर्षी भात पाण्याखाली जातं, रोपं कुजतात, पुन्हा लावण करावी लागते. पाऊस कमी वेळात जास्त पडतोय हे एक कारण. पण नाल्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, शहराचं सांडपाणी आहे, काठावर अतिक्रमणं आहेत. आणि हलगा-मच्छे बायपासच्या भरावानं पाण्याचा निचरा आणखी अडणार म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं बांधावर आणि कोर्टात भांडत आलेत. तुम्ही बुडालेल्या भाताचा, वर काळं आभाळ असा झकास फोटो काढून ‘हवामान बदलाचा फटका’ लिहिलंत, तर सगळ्यात जास्त आनंद नाल्याची साफसफाई ज्यांनी करायला हवी त्यांना होईल. आभाळाला कोण नोटीस काढणार? म्हणून त्याच दिवशी नाल्याच्या पुलाखालचा, गाळानं बुजलेल्या कमानीचा फोटोही काढा. तो कोणी लाइक करणार नाही. काढायचा.

माझा सल्ला असा की दोन वेगळी कपाटं करा. एकात कुऱ्हाडीचं काम: रस्ता, खाण, भराव, वणवा, सांडपाणी. दुसऱ्यात आभाळाचं काम: पाणी कधी चढलं, मोहर कधी आला, पेरणी कधी झाली. पहिल्या कपाटातला एक फोटोसुद्धा उपयोगी पडतो. दुसऱ्यातला एकटा फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याची किंमत रांग लागल्यावर कळते.

पहिल्या कपाटाबद्दल. बेळगाव-खानापूर-लोंढा रस्ता रुंद झाला तेव्हा दुतर्फाची हजारो झाडं गेली. पडलेल्या बुंध्यांचे फोटो भरपूर आहेत. ती झाडं उभी असतानाचे, मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर सावली कुठून कुठपर्यंत पडायची ते दाखवणारे, फोटो मला शोधूनही फार थोडे मिळाले. जे रोज दिसतं त्याचा फोटो कोण काढतो? इथं आपला धंदा कामाला येतो. झाडांच्या बुंध्यांवर रंगानं आकडे दिसायला लागले की समजायचं. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती मागवण्याची तरतूद आहे. हरकतीची मुदत थोडी असते. त्या मुदतीत प्रत्येक झाडाचा, आकडा वाचता येईल असा एक आणि पूर्ण उंचीचा एक, असे दोन फोटो, शेजारी माणूस उभा करून घेराचा अंदाज येईल असे, हातात असले तर हरकतीला वजन येतं. यात कला काही नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात तरी कुठं कला असते?

दुसऱ्या कपाटाचं तंत्र जुनं आहे. आल्प्समधल्या हिमनद्या मागं सरकतात का हे मोजायला सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या बव्हेरियन गणितज्ञानं १८८८ च्या सुमाराला ठरावीक जागांवरून फोटो काढायला सुरुवात केली. जागा तीच, दिशा तीच, भिंग तेच, काळ वेगळा. आजही पद्धत तीच आहे. तुम्हाला दहा जागा लागत नाहीत. घराजवळच्या दोन पुरेत, कारण लांबची जागा दुसऱ्या वर्षी पाऊस लागला की सुटते आणि रांग तुटते. अशी जागा निवडा जिथं पायाखाली न हलणारं काहीतरी आहे: पुलाचा कठडा, किलोमीटरचा दगड, देवळाची पायरी, सड्यावरचा जांभा खडक. भिंग एकच ठरवा, ३५ किंवा ५० मिलिमीटर. रुंद भिंगानं नदी पसरट दिसते, लांबच्या भिंगानं डोंगर पाण्यावर येऊन बसतो. दोन वर्षं दोन भिंगं वापरलीत की तुलना संपली. मागच्या वर्षीचा फोटो छापून बरोबर न्या आणि कठड्याची कड, झाडाचं टोक, डोंगराची रेघ जुळवून मगच कॅमेरा दाबा. ध्रुवक फिल्टर लावू नका, तो पाण्यावरची चमक काढतो आणि पाणी खोल वाटायला लागतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, जपून ठेवा, रंगांशी खेळायचं असेल तर प्रतीवर खेळा. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपासा. हे सगळं लग्नाच्या ऑर्डरीत आपण डोळे झाकून करतो, रानात गेलो की विसरतो.

फोटोबरोबर दोन ओळींची वही हवी. तारीख, वेळ, नक्षत्र चालेल, आणि त्या आठवड्याचा पाऊस. पावसाचा आकडा मिळवणं आता अवघड नाही. कर्नाटकच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत. आपल्या जिल्ह्यात हे फार लागतं, कारण कणकुंबीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर कोसळतो आणि अथणीच्या बाजूला वर्षाला ५००-६०० वर भागवावं लागतं. ‘बेळगाव जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ या वाक्याचा तुमच्या फोटोशी काही संबंध नसतो. मंडलाचा, पंचायतीचा आकडा घ्या.

नदीपेक्षाही सोपी नोंद शेतात आहे आणि ती आपले लोक पिढ्यान् पिढ्या ठेवत आलेत, फक्त फोटो काढत नव्हते. रोहिणीत धूळवाफ पेरणी झाली का? मृगानं फसवलं का? तरण्या पावसात रोप लावण उरकली की आश्लेषापर्यंत रेंगाळली? काजूचा मोहर कधी आला आणि त्यावर अवकाळी पाऊस कधी पडला? एकाच बांधावरून, एकाच शेतकऱ्याच्या परवानगीनं, पेरणीचा दिवस, लावणीचा दिवस आणि कापणीचा दिवस असे वर्षाला तीन फोटो. मला विचाराल तर आपल्या भागातला हवामान बदल दाखवायला यापेक्षा चांगला विषय नाही. धुक्यात काही कळत नाही. ‘चोर्ल्याला पूर्वीसारखं धुकं राहिलं नाही’ असं तुम्हीही म्हणता, मीही म्हणतो, पण चार वर्षांच्या आठवणीवर ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा तिन्ही नद्यांनी जिल्हा बुडवला. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला आणि कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. पहिल्या वर्षाचा फोटो घेऊन ‘पाऊस वाढला’ म्हणता येतं, दुसऱ्याचा घेऊन ‘पाऊस संपला’. दोन्ही चूक.

मग ठामपणे काय म्हणता येतं? हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं; म्हणून पडतो तेव्हा जोरात पडण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याचं बाष्प बरंचसं तापलेल्या अरबी समुद्रावरून येतं. तो समुद्र आपल्यापासून चोर्ला घाट उतरला की आहे. तेव्हा फोटोखाली असं लिहा: अमुक तारीख, अमुक गाव, २४ तासांत अमुक मिलिमीटर, पाणी पायरीच्या अमुक दगडाला, समुद्र तापल्यानं असे पाऊस वाढण्याची शक्यता वाढली आहे. ‘हा पाऊस हवामान बदलामुळंच पडला’ लिहू नका. वाक्य लांबतं, टाळ्या कमी पडतात, पण कोणी खोडू शकत नाही.

आता सुंदर फोटोंचं. फसवणूक वगैरे मनातून काढा. लोकांनी जे कधी पाहिलंच नाही, त्यासाठी ते भांडणार नाहीत. आपल्या भीमगड अभयारण्यात बारापेडे नावाची गुहा आहे. तिथली रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळं जगात बराच काळ फक्त त्याच गुहेतून माहीत होती. बेळगावच्या किती लोकांनी त्यांचं नाव ऐकलंय? तेव्हा सौंदर्य दाखवा, फक्त सोबत एक अट पाळा. जागेचा नेमका पत्ता देऊ नका. दुर्मीळ आमरी (ऑर्किड), बेडूक, चापडा साप यांच्या फोटोतलं जीपीएस काढून मगच तो बाहेर सोडा. मूळ फाइलमध्ये मात्र राहू द्या, अभ्यासकाला लागेल. गुहांत फ्लॅश घेऊन शिरू नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. आपलाच फोटो आपल्याविरुद्ध पुरावा होतो.

सुंदर फोटोत एक खोट मात्र असते: त्यात माणूस नसतो. ‘अस्पर्श रान’ म्हणून आपण जे दाखवतो त्यात गवळीवाडे आहेत, देवराया आहेत, भीमगडच्या पोटातली तळेवाडीसारखी गावं आहेत, जिथल्या लोकांच्या स्थलांतराची प्रक्रिया अलीकडं सुरू झाली. त्यांना फ्रेमबाहेर ठेवून काढलेला फोटो उद्या ‘इथं कोणी राहतच नव्हतं’ असं म्हणायला वापरला जाऊ शकतो. उलट बाजूनंही जपा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान पेटलं की एखाद्या म्हाताऱ्याचा, हातात पेटती काडी असलेला फोटो सहज मिळतो. त्याचं तोंड जगाला दिसतं. यंत्रं लावून डोंगर फोडणाऱ्याचं तोंड कधी फोटोत येत नाही, येतो तो फक्त जेसीबी. हा तोल सांभाळणं तुमच्या हातात आहे.

ड्रोनबद्दल एकच सांगतो. सांबऱ्याचा विमानतळ, वायुदल आणि शहरातलं लष्करी क्षेत्र यांमुळं बेळगावच्या आसपासचं बरंच आकाश बंद आहे, आणि अभयारण्यावर परवानगीशिवाय उडवणं तर नकोच. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी बघा. वरून बघायची हौस उपग्रहाच्या चित्रांवर भागवता येते. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरपर्यंतचं दिसतं, २०१५ पासूनची आहेत. सड्यावरची एखादी खाण वर्षागणिक कशी पसरली हे तिथं स्पष्ट कळतं. तुमचा जमिनीवरचा फोटो आणि ते चित्र शेजारी ठेवलं की बोलायची गरज उरत नाही.

उपयोग होतो का? नुसत्या फोटोनं काही थांबल्याचं मला आठवत नाही. पण लोंढ्याच्या पुढचं तिनईघाट तुम्हाला माहीत आहे. तिथून वास्कोपर्यंतच्या रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून जाणार होतं. त्याला वन्यजीव मंडळाची मंजुरीही मिळाली होती. गोव्यात पोरापोरींनी चित्रं काढली, फोटो लावले, अभ्यासकांनी अहवाल लिहिले, वकिलांनी याचिका केल्या. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तिथं फोटोनं लोक जमवले, कागदानं खटला जिंकला. आपल्याकडं फोटो काढणारे पुष्कळ आहेत, कागद करणारे कमी.

म्हणून शेवटची गोष्ट कागदाची. फोटो वनखात्याला, तहसीलदारांना, पंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) द्यायचे असतील तर अर्ज कन्नडमध्ये लिहा. आपल्या भाषेच्या हक्काचं भांडण त्याच्या जागी चालू राहू दे, मीही त्यात आहे. पण नाल्याचा गाळ त्या निकालापर्यंत थांबत नाही आणि मराठी अर्ज ‘समजला नाही’ म्हणून बाजूला ठेवायला निमित्त देऊ नका. गावात कन्नड शाळेत शिकलेली पोरं आहेत, ती लिहून देतात. फोटो कागदावर छापा, प्रत्येकाच्या मागं तारीख, गाव, सर्वे नंबर लिहा, सही करा. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या, आणि त्या पोचेचाही फोटो काढून ठेवा.